पी००११ चा माग : व्हीव्हीटी दुरुस्तीची आतापर्यंतची नोंद

सकाळी गार इंजिनवर गाडी निर्दोष चालते. मात्र सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या सिग्नलला थांबेपर्यंत इंजिन तापलेले असते, ते थरथरू लागते, कधी बंदही पडते, आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असतो. दिवा लुकलुकत नव्हता, स्थिर होता, म्हणूनच गाडी वापरात ठेवली. लुकलुकणारा दिवा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर शुद्ध करणाऱ्या भागाला) इजा करणारा मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे), आणि तेव्हा गाडी कडेला घेणेच योग्य. ब्लूटूथ स्कॅनरवर पी००११ हा एकच कोड मिळाला; तो व्हीव्हीटीचा, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा आहे.

या कोडवर ‘ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह (या यंत्रणेकडे ऑइल सोडणारी विजेवरची झडप) बदला’ हा सल्ला कोणत्याही गॅरेजमध्ये तयारच असतो. वास्तविक कोड कोणत्याही सुट्या भागाचे नाव सांगत नाही. इनटेक कॅमशाफ्ट (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या संगणकाने, मागितला त्यापेक्षा जास्त पुढे, म्हणजे ॲडव्हान्स राहिला, एवढेच तो सांगतो. ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हच्या वायरिंगमध्ये किंवा कॉइलमध्ये बिघाड असता तर पी००१० अपेक्षित होता, आणि टायमिंग चेन ताणली गेली असती तर क्रँक व कॅम यांचा मेळ बिघडल्याचा पी००१६ दिसण्याची शक्यता होती. हे दोन्ही कोड नसणे हाही एक पुरावा मानून मी पुढची तपासणी आखली.

कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेमचे (कोड लागला त्या क्षणी साठवलेल्या आकड्यांचे) छायाचित्र घ्यावे, कारण कोडबरोबर तीही पुसली जाते. माझ्या नोंदीत वेग शून्य, फेरे आयडलचे (गाडी उभी असताना इंजिन संथ चालते तेव्हाचे) आणि कूलंटचे तापमान ९४ अंश होते. गार इंजिनवर ईसीयू व्हीव्हीटीचा वापर टाळतो आणि इनटेक कॅम पूर्ण मागे, लॉक पिनवर अडकलेला असतो, त्यामुळे सकाळी दोष दिसण्याचे कारणच उरत नाही. इंजिन तापल्यावर ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह ऑइलचा दाब फेजरकडे (कॅम पुढे-मागे फिरवणाऱ्या भागाकडे) सोडतो आणि कॅम पुढे सरकतो. सिग्नलला थांबल्यावर तो परत आला नाही, तर इनटेक व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी नको तितके उघडे राहतात, जळालेला वायू सिलिंडरमध्ये मिसळतो आणि आयडल बिघडते. कॅमचा कोन साध्या ॲपच्या प्रमाणित यादीत नसतो, म्हणून ओळखीच्या मिस्त्रींचा सविस्तर डेटा दाखवणारा स्कॅनर लावला. गरम आयडलला मागणी ० अंशांची असताना प्रत्यक्ष कोन १२ अंशांच्या आसपास रेंगाळत होता.

आता ऑइलविषयी, कारण मुख्य वाद येथेच आहे. आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये या इंजिनात २०डब्ल्यू-५० भरलेले होते; पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० सांगितले आहे. सोलापूरच्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. परंतु बाहेर ४२ अंश असोत वा २०, थर्मोस्टॅट आणि पंखा कूलंटला साधारण ९० ते १०० अंशांतच ठेवतात. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या मापनानुसार १०० अंशांना ३० ग्रेडची (नावातला शेवटचा आकडा) श्यानता, म्हणजे दाटपणा, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असते, तर ५० ग्रेडची १६.३ ते २१.९, म्हणजे गरम इंजिनातही ऑइल बरेच जाड राहते, आणि फेजरच्या बारीक वाटांमधून त्याची ये-जा मंदावते. भर उन्हाळ्यात अक्कलकोट रस्त्यावर ताशी ४० ने फिरणाऱ्या गाडीला ५० ग्रेडची गरज असते, हे मला पटत नाही.

तरीही केवळ ऑइल बदलून थांबलो नाही. ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह काढून मल्टिमीटर लावला, रोध ७.२ ओहम, म्हणजे या जातीच्या कॉइलला साजेसा. १२ व्होल्ट क्षणभरच दिल्यावर (जास्त वेळ दिल्यास कॉइल तापते) स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकता दांडा) पुढे गेला, पण पुरवठा काढल्यावर अर्ध्यावरच थांबला. व्हॉल्व्हच्या जाळीवर काळा, चिकट थर होता. कार्ब्युरेटर क्लीनरने जाळी आणि स्पूल धुतल्यावर हालचाल मोकळी झाली. नवी ओ-रिंग घालून व्हॉल्व्ह बसवला, ऑइल ५डब्ल्यू-३० केले आणि फिल्टर बदलला. जुना फिल्टर कापून पाहिला. त्यात धातूचे कण नव्हते.

तुळजापूर रस्त्यावर घेतलेल्या नोंदीत मागणी आणि प्रत्यक्ष कोन आता एकमेकांच्या मागोमाग जातात आणि गरम आयडलला कॅम शून्यावर येतो. स्कॅनरच्या आदेशाने आयडलवर व्हॉल्व्ह मुद्दाम उघडल्यास इंजिन लडखडते आणि बंद करताच सावरते. म्हणजे फेजर अजून काम करतो. मात्र ॲक्सिलरेटर सोडल्यानंतर कॅम परतताना मधूनच किंचित विलंब दिसतो. इंजिनात उरलेला गाळ नवे ऑइल सोडवत असेल, असा माझा कयास आहे. म्हणून हे ऑइल नेहमीच्या मुदतीपूर्वीच काढून तेव्हा जाळी पुन्हा तपासेन. विलंब त्यानंतरही कायम राहिला, तर टायमिंग कव्हर उघडून फेजर पाहावा लागेल. तूर्त दिवा बंद आहे आणि पेंडिंग (अजून पक्क्या न झालेल्या) कोडची यादीही रिकामी आहे.