पाचवीची हजेरी

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर-आटपाडी भागात शाळांचे माजी विद्यार्थी मेळावे चैत्र-वैशाखात भरतात. दिवाळीत ते जमत नाही. इथली पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात, आणि सोन्याचांदीच्या बाजारात दिवाळी म्हणजे ऐन हंगाम. दुकान सोडून कोण येणार? खरसुंडीच्या सिद्धनाथाची चैत्री यात्रा आली की मात्र सेलम, कोईमतूर, कानपूर, कोलकाता अशा कुठल्या कुठल्या गावांहून माणसं परततात. वर्षभर बंद असलेल्या घरांची कुलपं निघतात आणि गल्लीत तमिळ, बंगाली बोलणारी लेकरं खेळताना दिसतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गलाई म्हणजे जुने दागिने मुशीत वितळवायचे, टंच म्हणजे शुद्धतेचं प्रमाण काढायचं, तेजाबानं म्हणजे आम्लानं शुद्ध करून सोनं-चांदी सराफाला परत द्यायची. हा मुलूख दुष्काळी. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं ते अलीकडं. त्याआधी कित्येक पिढ्या इथल्या माणसांनी पोटासाठी घर सोडलं, आणि जिथं सराफकट्टा तिथं आमच्या भागातला गलाईवाला, असं आज देशभर चित्र आहे.

मी इथल्या एका माध्यमिक शाळेत वरिष्ठ लिपिक आहे. सगळे भाऊसाहेब म्हणतात. शाळेचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं ज्या बायकांविषयी लिहिणार आहे त्यांचं घरदार, भाऊबंद इथंच आहेत.

गेल्या वर्षी मेळावा ठरला तो 1988 च्या दहावीच्या बॅचचा. आयोजक तिघं. एक एसटीत वाहक, एक शिक्षक, एक गलाईवाले. यात्रेच्या बऱ्याच आधी ते ऑफिसात आले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, आमची दहावीची यादी काढून द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे आहेत का ते एकदा ताडून बघतो."

दहावीची यादी म्हणजे बोर्डाला पाठवलेल्या फॉर्मची यादी. ती काढून द्यायला वेळ लागत नाही. पण मी त्यांच्यापुढं जनरल रजिस्टरही ठेवलं आणि जून 1982 चं पान उघडलं. पाचवीच्या प्रवेशाचं.

त्याला कारण होतं. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभरातल्या शाळांची जुनी रजिस्टरं कपाटाबाहेर निघाली. 1967 पूर्वीच्या कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. आम्हीही रात्री उशिरापर्यंत बसून पानन्‌पान पाहिलं. जातीचा रकाना बघता बघता माझी नजर शेवटच्या दोन रकान्यांवर जायला लागली. शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचं कारण. पुढं त्या कामाशी संबंध नसलेली नंतरची रजिस्टरंही मी सवडीनं वाचली. इतकी वर्षं दाखले लिहितो, पण दाखला एकेकाचा असतो. सगळा वर्ग एका पानावर सलग वाचला की वेगळंच काही दिसतं.

1982 च्या पानावर पाचवीत सत्तरच्या वर नावं होती. दहावीच्या यादीत चाळीसच्या आसपास. मुलींच्या नावांवर नजर टाकली तर सातवीनंतर एकेक नाव गळत गेलेलं. कारणांच्या रकान्यात लाल शाईत तीच वाक्यं पुन्हा पुन्हा: "पालकांच्या विनंतीवरून", "सतत गैरहजर, नाव कमी केले". मुलांच्या पुढं "परगावी गेल्याने". म्हणजे मुलगा आठवीतून कुणा चुलत्याबरोबर मुशीवर काम शिकायला गेला. मुलीपुढं "लग्न" असं मात्र एकदाही लिहिलेलं नाही. लिहिणार कसं? 1978 साली कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय 18 केलं होतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीपुढं ते कारण लिहायचं म्हणजे लेखी पुरावा झाला.

शिक्षक असलेले आयोजक म्हणाले, "आमची बॅच म्हणजे दहावीची बॅच, भाऊसाहेब. अधेमधे सोडून गेलेल्यांना बोलावलं तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल." त्यांचं म्हणणं वाईट हेतूचं नव्हतं, सगळीकडं असंच चालतं. पण वाहक गृहस्थ रजिस्टरवर वाकले होते. बोट ठेवून एकेक नाव वाचत होते. "ही आमच्या वाड्यातली. ही पळण्यात पहिली यायची. ही तर..." म्हणाले आणि थांबले. मग त्यांनीच ठरवलं, बोलवायचं तर पाचवीपासून सगळ्यांना.

मी त्यांना फक्त नावांची यादी हातानं लिहून दिली. जात, जन्मतारीख, बाकीचे रकाने दिले नाहीत. ते कुणाच्या हातात द्यायचे नसतात. जन्मतारखांचं तर तसंही काय सांगायचं! पानावरची निम्मी मुलं 1 जूनला जन्मलेली. आईबापाला तारीख आठवत नसे आणि नाव घालताना गुरुजी वयाच्या हिशेबानं 1 जून टाकत.

शोधायचं काम माझ्या कल्पनेपेक्षा अवघड निघालं. मुलगे लगेच सापडले. आडनाव तेच, गाव तेच, धंदा तोच. मुलींचं आडनाव बदललेलं, आणि पुष्कळजणींचं पाळण्यातलं नावही लग्नात बदललेलं. सासरच्या गावात त्या जुन्या नावानं त्यांना कुणी ओळखतच नाही. शेवटी माहेरच्या भावांकडून, भावजयांकडून नंबर मिळाले. काही भावांनी आधी विचारलं, "कशाला पाहिजे?" वाहकांच्या पत्नीनं फोन हातात घेतला तेव्हापासून काम पुढं सरकलं. बाईनं बाईला सांगितलं की ऐकणं वेगळं होतं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी नऊपासूनच पटांगणात गाड्या लागल्या. रांगोळी, सनई, फेटे, चहा-पोहे, मयत शिक्षकांना श्रद्धांजली, गुरुजनांचा सत्कार, हे सगळं जसं असतं तसं झालं. त्याविषयी लिहीत बसत नाही. माझ्या मनात घर करून राहिली ती हजेरी.

बॅचचे पाचवीचे वर्गशिक्षक आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना आधार देऊन जुन्या पाचवीच्या वर्गात आणलं. बाकं तेवढीच, माणसं त्यात मावत नव्हती, कुणी भिंतीला टेकून, कुणी खिडकीत. मी रजिस्टरच्या क्रमानं लिहिलेलं हजेरीपत्रक सरांपुढं ठेवलं. त्यात मुलींची माहेरची, शाळेतली पूर्ण नावं होती. मुलीचं, वडिलांचं, आडनाव. सरांनी चष्मा पुसला आणि पहिलं नाव घेतलं.

"हजर, सर."

मुलांची नावं भराभर गेली. मधे मधे सर नाव घ्यायचे आणि उत्तर यायचं नाही. मग मागून कुणीतरी हळू सांगायचं, "गेला, सर." सर पेन्सिलीनं खूण करायचे आणि पुढं जायचे. मुलींची नावं सुरू झाली तसा वर्ग शांत झाला. दुसऱ्या-तिसऱ्या नावाला डाव्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगावर कांजीवरम, केसांत मोगरा. "हजर" म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. सरांनी वर पाहिलं. पुन्हा तेच नाव घेतलं, अगदी सावकाश. मग त्या "हजर" म्हणाल्या. शेजारच्या बाईंनी त्यांचा हात धरला होता. मोगरा माळलेल्या बाईंनी नंतर मला सांगितलं, "वडील वारल्यापासून त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती."

आदल्या दिवसापर्यंत आयोजकांना धाकधूक होती की सोडून गेलेल्या मुली येतात की नाही. बहुतेक आल्या. सातवीतून गेलेल्या, आठवीतून गेलेल्या. ओळख करून देताना दहावी पास झालेल्यांनी आपापली नोकरी सांगितली. या बायकांतल्या पहिल्या एकदोघी "मी काय, घरीच असते" एवढंच म्हणून बसल्या. पण मोगरा माळलेल्या बाई उभ्या राहिल्या आणि सांगायला लागल्या. तमिळनाडूतल्या एका गावात नवऱ्याची गलाई. नवरा आजारी पडल्यावर मूस, तेजाब, टंच सगळं त्यांनी हातात घेतलं. कसोटीच्या दगडावर सोनं घासून, आम्ल लावून, उरलेल्या रेषेचा रंग बघून त्या टंच सांगतात. "मशीन आहे आता दुकानात. पण सराफ अजून म्हणतो, अक्का, आधी तुम्ही बघा." तमिळ बोलायला शिकल्या, पाट्या वाचायला शिकल्या. चोपडी मात्र मराठीत लिहितात. दोन मुलं शिकवली. नणंदेच्या दोन पोरींना घरी ठेवून घेतलं आणि शाळेत घातलं, त्यातली एक आता नर्स आहे. हे सगळं त्यांनी उभ्या उभ्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगितलं.

जेवणानंतर त्या ऑफिसात आल्या. म्हणाल्या, "भाऊसाहेब, माझी ओळ बघायची आहे."

त्यांचीच नोंद, त्यांना दाखवायला हरकत नव्हती. बाकीच्या ओळी कागदानं झाकल्या आणि रजिस्टर त्यांच्याकडं फिरवलं. त्यांनी बोट ठेवून वाचलं. नाव. वडिलांचं नाव वाचलं तेव्हा थोडं थांबल्या. प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. इयत्ता आठवी. कारण: सतत गैरहजर, नाव कमी केले.

"मी गैरहजर न्हवते," त्या म्हणाल्या. "माझं लगीन लावलं होतं. गुरुवारी शाळेत होते, सोमवारी हळद लागली. गैरहजर कुठं होते मी?"

मला जे सांगायला हवं होतं ते सांगितलं. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदीत आम्हाला खाडाखोड करता येत नाही. नावाची किंवा जन्मतारखेची चूक असेल तर पुराव्यानिशी शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागतं, आणि कारणाचा रकाना बदलण्यासाठी तर कुणी अर्ज केल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. "बदला म्हणत नाही. पण खोटं आहे एवढं कुठंतरी लिहिलेलं असावं."

मुख्याध्यापिका दारातच उभ्या होत्या. त्यांनी कपाटातून शेरेबुक काढलं. शाळा तपासायला आलेले अधिकारी, पाहुणे ज्यात अभिप्राय लिहितात ते. कोरं पान उघडून त्यांच्यापुढं ठेवलं. बाईंनी चार ओळी लिहिल्या. अक्षर सातवी-आठवीतल्या मुलीचं असतं तसंच राहिलेलं, गोल, ओळीला चिकटून. आपलं शाळेतलं पूर्ण नाव, रजिस्टर नंबर, आणि आपण शाळा का सोडली ते. खाली तारीख घालून सही केली. मुख्याध्यापिकांनी त्याखाली आपली सही करून शिक्का मारला. माझ्या नोकरीत त्या वहीत शिरलेला हा सगळ्यात महत्त्वाचा शेरा आहे असं मी मानतो. वहीतल्या इतर शेऱ्यांत बहुधा स्वच्छता आणि शिस्त एवढंच असतं.

त्यांचं बघून आणखी एक बाई आत आल्या. त्यांना हवा होता दाखला. मूळ दाखला कधी नेलाच नव्हता, नाव कमी झालं आणि विषय संपला. त्यांच्या सुनेनं सांगितलं होतं की 17 नंबरचा फॉर्म भरून, घरी अभ्यास करून दहावीची परीक्षा देता येते. खरं आहे ते. नियमित शाळेत नसलेल्यांना बोर्ड खासगी विद्यार्थी म्हणून बसू देतं, त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मी सुट्टीचा दिवस असूनही रजिस्टरवरून दाखला लिहिला, सही-शिक्का झाला. हा दाखला लिहिताना कारणाच्या रकान्याशी माझा हात अडखळला, पण रजिस्टरमध्ये जे आहे तेच उतरवावं लागतं.

शाळेच्या दर्शनी भिंतीवर 'आमचे गुणवंत माजी विद्यार्थी' असा फलक आहे. डॉक्टर, इंजिनिअर, फौजदार, प्राध्यापक. सगळ्यांचा मला अभिमान आहे, कित्येकांचे दाखले माझ्या हातचे आहेत. पण हा फलक पदवी बघून भरलेला आहे, आणि या मातीत ते माप पुरत नाही. शेजारच्या आटपाडी तालुक्यानं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला तीन अध्यक्ष दिले. शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर 1973 ला यवतमाळला, त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर 1983 ला अंबाजोगाईला, आटपाडीचे शंकरराव खरात 1984 ला जळगावला. खरातसाहेब वकील झाले, कुलगुरू झाले. पण गदिमा मॅट्रिक नापास. त्यांचं नाव कुठल्या बॅचच्या यादीत बसवायचं? दहावी पास हीच अट धरली तर आपण त्यांना मेळाव्याचं निमंत्रणही धाडलं नसतं. मेळाव्यानंतरच्या शिक्षकसभेत मी हे असंच मांडलं. बरीच चर्चा झाली. काहींचं म्हणणं होतं की सोडून गेलेल्यांचा गौरव केला तर मुलांपुढं चुकीचा आदर्श जाईल. मला ते पटत नाही. त्या मुली शाळा सोडून गेल्याच नाहीत, त्यांना नेलं. आणि आमच्या आजच्या मुली, ज्या अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासावर वाड्यावस्त्यांवरून एसटीनं येतात, त्यांनी त्या चार ओळी वाचल्या तर त्यांना धोका कशाचा आहे हे कुठल्याही भाषणापेक्षा लवकर कळेल.

शेवटी दोन गोष्टी ठरल्या. फलकावर यापुढं पद आणि पदवीबरोबर काम लिहायचं, आणि शाळेच्या वार्षिक अंकात माजी विद्यार्थ्यांच्या पानांवर दरवर्षी एका तरी अशा बाईंची हकीकत त्यांच्या संमतीनं छापायची. पहिली हकीकत टंच काढणाऱ्या बाईंची. मजकूर त्यांनी स्वतः चोपडीच्या कागदावर लिहून पाठवला, आम्ही शुद्धलेखनाशिवाय कशाला हात लावला नाही.

1989 च्या बॅचचे आयोजक नुकतेच येऊन गेले. त्यांनी आल्या आल्या पाचवीचीच यादी मागितली. मागल्या बॅचमधल्या तीन मुलींचा अजून पत्ता नाही. एकीचा भाऊ वारला, माहेरचं घर पडलं, आणि ती झारखंडकडं कुठं तरी आहे एवढंच तिच्या चुलतीला ठाऊक आहे. तिचं लग्नानंतरचं नाव चुलतीलाही आठवत नाही. तिकडचे दोन गलाईवाले यंदा यात्रेला येणार आहेत, त्यांच्यासाठी तिच्या वडिलांचं नाव आणि गाव चिठ्ठीवर लिहून वाहकांकडं दिलं आहे.