बारावी बांगडी बसली! (हॉप्फ टोरस, पुढचा भाग)

थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या बारा बांगड्या एकमेकींत अडकवून मी एक टोरस (मेदूवड्यासारखा आकार) जुळवतो आहे. मागच्या नोंदीत अकरा बांगड्या बसून बारावीपाशी घोडं पेंड खात होतं. आता ती बसली आहे. कशी बसली ते लिहितो, कारण अडचण वाटली होती तिथे नव्हतीच.

उजळणी थोडक्यात. एस-थ्री म्हणजे चार मितींतल्या गोलाचा पृष्ठभाग, आणि हॉप्फ तंतू म्हणजे त्यावरची एकमेकांत अडकलेली मोठी वर्तुळं. ती स्टिरिओग्राफिक प्रक्षेपणाने (गोलाच्या एका ध्रुवातून किरण टाकून सावली घ्यावी तशी) आपल्या जगात आणली की वर्तुळंच मिळतात. त्यांतली क्लिफर्ड टोरसवरची (एस-थ्रीला बरोबर निम्मं करणाऱ्या टोरसवरची) बारा मी घेतली. ही म्हणजे १८४८ची व्हिलार्सोची वर्तुळं, टोरस तिरपा कापला की मिळतात ती. ४५ अंशांत तिरपी, सगळी एकाच मापाची, प्रत्येक जण बाकीच्या अकरांत एकेकदा अडकलेली. एकाच मापाची असल्यामुळे एकच एसटीएल (छपाईची आकार-फाइल) पुरते. अख्खा टोरस एका दमात छापून आतला सपोर्ट चिमट्याने उपटत बसण्यापेक्षा बांगडीचे दोन तुकडे आडवे छापायचे आणि कापलेल्या टोकांवर ५×२ मिलिमीटरचे चुंबक बसवायचे. (चुंबक लॅमिंग्टन रोडवरून घेतले. ऑनलाइन मिळतात त्यापेक्षा स्वस्त, आणि दुकानात चिकटवून बघता येतात. उत्तर-दक्षिण मार्करने खुणावून ठेवा.)

जाडी एस-थ्रीमध्येच दिली आहे, सेगरमन आणि श्लायमर या गणितज्ञांच्या शिल्पांत असते तशी. गोलावरची अंतरं असल्यामुळे ती अंशांत मोजायची. शेजारचे तंतू एकमेकांपासून १५ अंशांवर, म्हणून नळीची त्रिज्या ७.५ अंश ठेवली की नळ्या पूर्ण लांबीभर एकमेकींना टेकतात. प्रक्षेपणानंतर त्या नळीचं द्युपाँचं सायक्लाइड होतं, म्हणजे एकीकडे बारीक आणि समोर जाड अशी कडी. एकक (गोलाची त्रिज्या) २० मिलिमीटर धरलं तर आतली मान, म्हणजे बारीक बाजू, ३ मिलिमीटर जाड आणि बाहेरचं पोट १८. जुळवाजुळवीला जागा हवी म्हणून त्रिज्या ७.३ अंशांवर आणली होती.

तरीही बारावी जाईना, आणि अडायची ती मानेपाशीच. पोटाकडे मात्र बांगड्या खुळखुळ वाजत होत्या. आधी संशय फिलामेंटवर (प्रिंटरच्या प्लास्टिकच्या तारेवर) गेला. पावसाळ्यात ‘व्हॅक्यूम पॅक’ म्हणून आलेलं रीळ उघडलं तर आतली सिलिका जेल कधीच ओली झालेली. वाळवून पुन्हा छापलं. छपाईत प्लास्टिकचे धागे सुटायचे थांबले, बारावी तिथेच.

मग व्हर्नियर काढला. मान हवी २.९९, भरली ३.२. पोट हवं १७.८५, भरलं १८.०५. दोन्हीकडे दोन दशांशच जास्त! म्हणजे प्रिंटरची चूक मिलिमीटरमध्ये असते. नळी बारीक आहे की जाड याच्याशी तिला देणंघेणं नाही. मी सोडलेली मोकळीक मात्र अंशांत होती. ०.२ अंश कमी केले की पोटाला अर्धा मिलिमीटर मिळतो आणि मानेला जेमतेम ०.०८. बारा मानांची मिळून वाढ २.४, मोकळीक एक. दीडेक मिलिमीटरची तूट, म्हणजे जवळपास अर्धी मान!

तेव्हा जाडी चौथ्या मितीत, पण फट आपल्या मितीत. त्रिज्या परत ७.५ अंश केली, प्रक्षेपण केलं, आणि मग पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू लंबाच्या दिशेने ०.१५ मिलिमीटर आत ढकलला. स्लायसरमधलं (आकाराचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) एक्सवाय कॉम्पेन्सेशन, म्हणजे फक्त आडव्या दिशांत आकार घटवणं, इथे कामाचं नाही. तुकडे आडवे छापतो, त्यामुळे मानेला शेजारीण टेकते ती निम्मी झेडमध्ये (उभ्या दिशेत), आणि झेडला ते हातच लावत नाही. पायथॉनमध्ये तीन ओळींचं काम. तुकडे उभे करून छापायचा मोहही टाळा. थर मानेला आडवे जातात आणि ती काडकन मोडते. सिल्क पीएलएत (रेशमी चमकीच्या फिलामेंटमध्ये) तर हमखास. दिसायला झकास, थर धरण्यात कुचकामी, असं माझं स्पष्ट मत.

बारावीचा पातळ तुकडा भोकातून वर सरकवला, किंचित फिरवला, बाहेरून जाड तुकडा आणला आणि चुंबकाने टक्क केलं. आता सगळा टोरस हातात घट्ट राहतो, डिंकाचा थेंबही नाही. मधल्या भोकातून १२ मिलिमीटरची लाकडी दांडी घातली आहे. तीही तंतूच आहे, फक्त प्रक्षेपणाच्या ध्रुवातून जाणारा, म्हणून सरळ झालेला.

पुढे ६० अंशांचा बाहेरचा टोरस करणार असं मागे म्हटलं होतं (हे अंश म्हणजे गाभ्याच्या वर्तुळापासूनचं अंतर; आताचा टोरस ४५चा). आकडे मांडले तर त्याच्या बांगडीचं पोट ४२ मिलिमीटर. एकेका बांगडीत रीळ फस्त व्हायचं. रद्द. त्यापेक्षा आत जावं. ३० अंशांच्या टोरसवर दहा बांगड्या मावतात (अकरावी मावत नाही, करून पाहिलं), मान साडेतीन, पोट साडेदहा, आणि ७.५ अंशांच्या नळ्या आताच्या बारांच्या आत बरोबर बसतात. फक्त त्या आधी बसवाव्या लागतील, म्हणजे परवा बसवलेल्या बारा पुन्हा सोडवायच्या. चुंबक आहेत, सुटतील. आतल्यांना ०.१५ची फट पुरेल की ०.२ लागेल, यावर कुणाचा अनुभव असेल तर छापायला लावण्याआधी सांगा.