आशाताईंच्या पिशवीचा तिसरा नमुना

माझी वहिनी राजापूर तालुक्यात आशा सेविका आहे. जून ते सप्टेंबर या काळात ती वाड्यावाड्यांवर फिरते तेव्हा खांद्यावरच्या पिशवीत नोंदवह्या, गोळ्यांची पाकिटे, थर्मामीटर आणि मोबाइल असतो. संध्याकाळी घरी आल्यावर चुलीजवळ वह्यांची पाने सुकवणे हे तिचे ठरलेले काम. गरोदर बाईच्या तपासणीची तारीख शाई पसरून पुसली गेली, की ती पुन्हा विचारण्यासाठी तीच घाटी दुसऱ्यांदा चढावी लागते. म्हणून तिच्यासाठी एक पिशवी आखायची, असे मी गेल्या वर्षी ठरवले. आखणी दोन आठवड्यांत झाली. ती शिवून देणारा माणूस मिळायला मात्र आठ महिने गेले.

सुरुवातीला मी मुंबई-पुण्याकडच्या बॅगा बनवणाऱ्या काही कारखान्यांना चित्र पाठवले. बहुतेकांनी किमान 300 नगांची अट घातली, आणि त्यांचे म्हणणे मला आज पटते. फर्मे (ज्यांवरून कापड कापतात ते साचे) कापणे, कापड बेतणे, कोणती टीप आधी आणि कोणती नंतर हे ठरवणे, ही सगळी मेहनत पहिल्याच नगाला पडते. ती अनेक नगांवर वाटली गेली तरच कारखान्याचा हिशेब जुळतो. एकाने मात्र आगाऊ रक्कम घेऊन नमुना शिवून पाठवला. तो दिसायला सुबक होता, पण जुलैच्या पहिल्याच सरीत टिपांच्या छिद्रांतून पाणी आत झिरपले, आणि महिनाभरात खाऱ्या हवेने धातूच्या चेनचा रनर जागीच घट्ट बसला.

दोष माझ्या कागदातही होता. मी त्यावर ‘600 डेनियर, वॉटरप्रूफ’ एवढेच लिहिले होते. डेनियर हे धाग्याच्या जाडीचे माप आहे: 9000 मीटर धाग्याचे वजन 600 ग्रॅम भरले, की तो धागा 600 डेनियरचा. त्यावरून पाण्याविषयी काहीच कळत नाही. पाणी अडते ते कापडाच्या आतल्या बाजूला दिलेल्या थरामुळे, आणि त्या थरालाही सुई प्रत्येक टाक्याला भोक पाडते. शिवाय हा थर पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असेल, तर दमट उष्ण हवेत काही वर्षांत तो चिकट होऊन सुटू लागतो. कपाटात ठेवलेल्या जुन्या बॅगेचे अस्तर हाताला चिकटल्याचा अनुभव कोकणात बहुतेक घरांत असेल.

अखेर ज्यांच्याकडे मी सर्वांत आधी जायला हवे होते, त्यांच्याकडे सर्वांत शेवटी गेलो. रत्नागिरीत रिक्षांचे हूड आणि होड्यांवरच्या ताडपत्र्या शिवणारे एक काका आहेत. त्यांनी माझे चित्र बाजूला ठेवले आणि विचारले, “पाणी येतं कुठून, ते आधी सांगा. वरून, की पाठीकडून?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. वहिनीला फोन केला तेव्हा उलगडा झाला: छत्रीने डोके वाचते, पण छत्रीच्या काठावरून निथळणारे पाणी पाठीवरून ओघळत पिशवीच्या अंगाला लागलेल्या बाजूवर उतरते. माझ्या आखणीतला मोठा जोड नेमका त्याच बाजूला होता. काका म्हणाले, “कौलं शाकारताना वरचं कौल खालच्यावर येतं ना? मग शिवणसुद्धा तशीच पडायला हवी.”

पहिला नमुना त्यांनी जुन्या फ्लेक्सचा केला. कापड महाग आणि फ्लेक्स रद्दीतला, त्यामुळे चुकायला भीती नव्हती. पुठ्ठ्याचे फर्मे कापून आम्ही पिशवी उभी केली, तीत फुलस्केप आकाराच्या चार वह्या भरल्या आणि ती वहिनीकडे पाठवली. घाटी चढताना पिशवी मांडीवर आपटते, आणि पडवीत बसून लिहिताना ती उघडी टाकली तर कलंडते, अशा दोन तक्रारी आल्या. कागदावर यांतली एकही दिसली नसती. पट्टा आखूड केला, तळ रुंद केला.

दुसरा नमुना पीव्हीसीचा थर दिलेल्या कापडाचा. हे कापड गरम हवेने एकमेकांना चिकटवता येते, म्हणून तळाला आणि पाठीला सुई लावलीच नाही. टिपा फक्त पट्ट्याच्या जोडापाशी, त्याही बाहेरून लावलेल्या वेगळ्या तुकड्यावर. चेन काढून टाकली. तोंड तीनदा गुंडाळून प्लॅस्टिकच्या बक्कलने बंद होते.

हा नमुना आणि फर्मे घेऊन मी तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरलो आणि धारावीत गेलो. नुसते चित्र दाखवले असते, तर पुन्हा 300 नगांचीच गोष्ट निघाली असती. हातात वस्तू असल्यामुळे बोलणे थेट कापड, वेळ आणि मजुरीवर आले, आणि एका छोट्या कारखान्याने 25 नगांची तयारी दाखवली. फर्मे माझ्याच मालकीचे राहतील, हे मी तिथेच लिहून घेतले. पिशवीचे छायाचित्र इथे देत नाही, त्याचेही कारण आहे: डिझाइन कायदा, 2000 नुसार नोंदणीचा अर्ज करण्यापूर्वी आकार जगजाहीर झाला, तर तो नवीन मानला जात नाही. नोंदणी मिळाली तर ती 10 वर्षे टिकते आणि पुढे 5 वर्षे वाढवता येते. मात्र तिने रूपाचेच रक्षण होते, गुंडाळून बंद करण्याच्या युक्तीचे नाही.

25 नगांना होकार देण्याआधी धारावीत शिवलेला तिसरा नमुना सध्या वहिनीच्या खांद्यावर आहे. वह्या कोरड्या राहतात. पण बक्कल उघडायला दोन हात लागतात आणि पावसात तिचा एक हात छत्रीत अडकलेला असतो, असे तिने परवा कळवले. काकांनी होडीच्या दोरीला असतो तसा आकडा लावून पाहू म्हटले आहे. रविवारी फर्मे घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे.