ग्राफिक्स कार्डाचे नाव येते कुठून?

गेल्या आठवड्यात भाच्याच्या जुन्या संगणकात ग्राफिक्स कार्ड बसवले, तेव्हा लिनक्समधील ‘एलएसपीसीआय’ या, जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणाऱ्या कमांडने त्याचे नाव न दाखवता एनव्हिडिया या उत्पादकाच्या नावापुढे केवळ ‘डिव्हाइस १सी०३’ एवढेच दाखवले आणि कार्ड खराब निघाले, अशी धास्ती त्याने घेतली. कार्ड उत्तम होते.

मुळात पीसीआय, म्हणजे संगणकात कार्डे बसवण्याच्या प्रमाणित जोडणीवरचे कार्ड संगणकाला नाव सांगतच नाही. ते १६ बिटांचे दोन क्रमांक सांगते, पहिला उत्पादकाचा आणि दुसरा उपकरणाचा; ते षोडशमान पद्धतीत लिहितात, म्हणून त्यांत अंकांबरोबर अक्षरेही येतात. एनव्हिडियाचा क्रमांक १०डीई, एएमडीचा १००२. इंटेलचा मात्र ८०८६, म्हणजे १९७८ सालच्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा, आणि ही योजकता मला फार आवडते. हे क्रमांक ‘पीसीआय डॉट आयडीज’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये शोधले जातात आणि तिथे नोंद सापडली, तरच नाव पडद्यावर उमटते. भाच्याकडची फाइल कार्डाहून जुनी होती. ती अद्ययावत करताच ‘जीफोर्स जीटीएक्स १०६०, ६ जीबी’ अशी ओळ आली.

याच कार्डाच्या ३ जीबी आवृत्तीचा क्रमांक १सी०२ आहे, त्यामुळे वापरलेले कार्ड घेताना खोक्यावरच्या नावाबरोबर हा क्रमांकही मी आवर्जून तपासतो.