लिफ्ट विकली पण टाकी सोडली नाही – आमची वाटचाल

2013 ला गाड्यांच्या ट्यूनिंगसाठी भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतला तेव्हा आमच्याकडे एक टू-पोस्ट लिफ्ट (गाडी वर उचलणारी), एक लॅपटॉप आणि शेजारच्या गाळ्यातले आर्गन वेल्डिंगवाले चाचा, एवढंच भांडवल. चाचा कागदावर पार्टनर नव्हते पण वॉटर-मेथची (पाणी आणि मिथेनॉल, जे इंजिनात जाणाऱ्या हवेत फवारतात) आमची पहिली टाकी त्यांच्याच हातची. (नातं कितीही घरचं असलं तरी कागद करून ठेवा, माझं ऐका.)

तेव्हा वॉटर-मेथ म्हटलं की लोक हसायचे, इंजिनात पाणी कशाला मारता म्हणून. अहो, दुसऱ्या महायुद्धात जर्मन फायटर विमानांत एमडब्ल्यू 50 नावाने हेच होतं, साधारण निम्मं मिथेनॉल, निम्मं पाणी. आणि आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात स्टॉक इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) तिसऱ्या पुललाच, म्हणजे फुल अ‍ॅक्सिलरेटरच्या धावेलाच, तापतो, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे खेचतो, मग स्टेज टू (ताकद वाढवायचं ट्यूनिंग) घेऊन फायदा काय?

पहिलं मोठं काम एका सेकंडहँड स्कोडा लॉरा टीएसआयचं (टर्बो पेट्रोल). मालक कराडकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट. स्टेपनीच्या खड्ड्यात 5 लिटरची अ‍ॅल्युमिनियमची टाकी बसवली, मॅप (ईसीयूची सेटिंग) थोडा अग्रेसिव्ह ठेवला, गाडी उडायची नुसती. पण 2015 च्या मे महिन्यात एका सिलेंडरचं कॉम्प्रेशन गेलं. हेड उघडलं तर पिस्टनची रिंग लँड (रिंगांमधली भिंत) तुटलेली. टाकीत पांढरी पावडर, तीच नोझलच्या फिल्टरमध्ये अडकलेली, फवारा कमी झाला आणि टायमिंग तसंच पुढे, मग नॉक (इंधन अवेळी पेटून बसणारा ठोका) होणारच. आमच्या गॅरेजमधल्या पोराने डिस्टिल्ड पाणी संपलं म्हणून बोअरचं पाणी भरलं होतं आणि फ्लो कमी झाल्यावर बूस्ट (टर्बोचा दाब) तोडणारा फेलसेफ मी लावला नव्हता. चूक आमची, म्हणून इंजिनाचा सगळा खर्च आम्ही केला, त्यासाठी लिफ्ट विकली, नवीन लिफ्ट येईपर्यंत गाड्या जॅकस्टँडवर चढवून खाली झोपून कामं केली.

त्याच वेळी जवळच्या एका ट्यूनरने, नाव घेत नाही, आमच्या उघड्या इंजिनाचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरवला, दोन महिने फोन वाजला नाही. आणि पुढच्याच वर्षी त्याने आमचंच लेआउट जसंच्या तसं उचलून "आमचा खास किट" म्हणून विकलं. अजून सलतं ते.

केमिस्टसाहेब मात्र हलले नाहीत. पावडर डबीत भरून लॅबमध्ये घेऊन गेले आणि फोन करून म्हणाले, "अहो हा अ‍ॅल्युमिनियमचाच गंज आहे, एचडीपीईची, म्हणजे जाड प्लास्टिकची, टाकी लावा आणि गाडी परत करा." एवढंच. पैशाचा विषय काढला नाही, उलट मित्राची ऑक्टाव्हिया पाठवली.

तेव्हापासून टाकी एचडीपीईचीच, चाचा आता फक्त ब्रॅकेट आणि नोझल बसवायचे बंग (आट्यांचे तुकडे) वेल्ड करतात. आउटलेट टाकीच्या मागच्या बाजूला तळाशी, कारण गाडी जोरात पळवली की पाणी मागे पळतं, पुढे आउटलेट ठेवला तर पंप हवा ओढतो. पंप टाकीच्या खाली, 6 एमएमची नायलॉन लाइन पुढे, नोझल इंटरकूलरनंतर पण थ्रॉटलच्या आधी, आणि सोलेनॉइड (बंद-चालू होणारा व्हॉल्व्ह) नोझलच्या अगदी जवळ, नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावरही लाइनमधल्या प्रेशरने पाणी ठिबकत राहतं. फ्लो पडला की बूस्ट सरळ वेस्टगेटच्या स्प्रिंगवर, म्हणजे सर्वात कमी दाबावर. टाकीचा व्हेंट गाडीबाहेर काढा, डिकीत वाफ कोंडायला नको. काच धुण्याच्या वॉशरची बाटली टाकी म्हणून वापरू का असं विचारणारे अजून येतात, त्यांना मी हात जोडतो.

मिथेनॉल लायसन्सवाल्या डीलरकडूनच पक्क्या बिलाने घ्या, हातमोजे घाला, त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, पोरांना हे रोज सांगा.

2017 ला नवीन लिफ्ट घेतली, पुढची वर्षं कामात गेली. ती लॉरा अजून येते. या शनिवारी पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) बदलायला येणार आहे, केमिस्टसाहेबांनी डिस्टिल्ड पाण्याचा कॅन स्वतःच आणतो म्हणून सांगितलंय.