घड्याळ अर्धा तास मागे

श्रीलंकेच्या उत्तरेला, जाफन्याला जायचं ते वाचनालय बघायला, एवढंच ठरवून निघाले होते. १९८१ साली जाळलेलं, सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं ज्यात गेली ते. पाहिलं. पांढरीशुभ्र, पुन्हा उभारलेली इमारत, चपला बाहेर, आत पोरं मान खाली घालून परीक्षेचा अभ्यास करतायत. वीस मिनिटांत बाहेर आले. भिंतीवर काजळी दिसेल अशी काहीतरी वेडगळ अपेक्षा असावी माझी. त्याआधीच्या कोलंबो-अनुराधपूरबद्दल विचारू नका, ते चार दिवस घाम आणि फोटो यांत गेले.

उतरले होते एका निवृत्त गृहस्थांच्या घरी. वरच्या दोन खोल्या ते पाहुण्यांना देत. पंखा कुरकुरायचा, डास मच्छरदाणीच्या आतच राहायला होते आणि अय्या (मी त्यांना हेच म्हणत होते) दर तासाला "पिळ्ळै (म्हणजे बाळ), चहा?" म्हणून दार वाजवायचे. पहिल्या दिवशी वैताग आला. दुसऱ्या दिवशी मीच वाट बघायला लागले.

नोकरी कुठे केलीत, असं विचारलं तर म्हणाले, "कच्चेरी." मला वाटलं, माझ्यासाठी मराठी बोलतायत! पण तिकडेही जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयाला हाच शब्द आहे. पाटीवर नाव काहीही असो, लोक कच्चेरीच म्हणतात.

"किलिनोच्चीच्या कच्चेरीत होतो. २००० नंतरची सहा-सात वर्षं."

मी थबकले. तेव्हा किलिनोच्ची ही तर तमिळ वाघांची, म्हणजे सरकारशी लढणाऱ्या लिट्टेची, राजधानी. त्यांचे स्वतःचे पोलीस, न्यायालयं, बँक. हमरस्त्यावर वेगमर्यादा मोडली तर दंडाची पावतीसुद्धा तेच फाडायचे.

"मग तुम्ही कुणाचे कारकून?"

"कोलंबोचे. पगार कोलंबोहून यायचा."

हे पचायला मला दोन कप चहा लागला. ज्यांच्याशी सैन्य लढतंय, त्यांच्याच मुलखातल्या शिक्षकांना, डॉक्टरांना, कारकुनांना सरकार पगार देत होतं. शाळांत पुस्तकं सरकारी, परीक्षा सगळ्या बेटाला होती तीच. अय्यांचं म्हणणं सरळ होतं: पगार थांबवला असता तर हा भाग आमचा नाही, असं कोलंबोनेच कबूल केल्यासारखं झालं असतं. आणि वाघांना तरी तक्रार कसली? शाळा-दवाखान्यांचा खर्च परस्पर भागत होता, वर लोकांकडून कर घेता येत होता. दोघांनाही सोयीचं होतं ते. "मधे आम्ही," असं म्हणून ते हसले.

आणि मग घड्याळाची गोष्ट निघाली. १९९६ साली वीजटंचाईमुळे कोलंबोने घड्याळं पुढे केली, आधी एक तास आणि काही महिन्यांनी अर्धा तास मागे घेऊन अर्ध्यावर आणली. वाघांनी मानलं नाही. त्यांच्या भागात जुनीच वेळ. म्हणजे सरकारच्या ताब्यातल्या वव्हुनियाकडून ओमंदैची सैन्याची चौकी ओलांडली, मधली निर्मनुष्य पट्टी पार केली, वाघांच्या नाक्यावर सामान उघडून दाखवलं, की मनगटावरचा काटा अर्धा तास मागे करायचा. एकाच देशात! अय्यांच्या मनगटावर कोलंबोची वेळ, स्वयंपाकघरातल्या भिंतीवर वाघांची. बायको भिंतीवरचं बघून भात लावायची. "मला जन्मभर जेवायला उशीर," ते म्हणाले, तर आतून अम्मांचा आवाज आला. तमिळ मला कळत नाही, पण उत्तर कळलं.

"मग जुळली कधी?"

"२००६च्या एप्रिलमध्ये. कोलंबोच जुन्या वेळेवर परत आलं." थोडं थांबून म्हणाले, "ऑगस्टमध्ये रस्ता बंद झाला."

२००२च्या युद्धबंदीनंतर उघडलेला, जाफन्याला जाणारा तो ए-९ रस्ता. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: जानेवारी २००९मध्ये किलिनोच्ची पडलं, मे महिन्यात मुल्लिवाय्क्काल, जिथे युद्ध संपलं. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. (ब्लॉग लिहायचाय म्हणून खोदायचा मोह झाला होता, हे कबूल करते.)

बोलले ते एका कागदाबद्दल. २०१६च्या कायद्याने बेपत्ता माणसाच्या घरच्यांना 'गैरहजेरीचा दाखला' मिळू लागला. त्याआधी पर्याय एकच, मृत्यूचा दाखला. पण युद्धाच्या शेवटी ज्या आईने मुलगा बसमधून सैन्याच्या ताब्यात दिला, ती तो मेला असं कसं लिहून देणार? नवा दाखला असला की जमीन, बँकेचं खातं असले व्यवहार करता येतात. सरकारच्या बाजूने बघितलं तर सोयच केली म्हणायची. निवृत्त होण्याआधी अय्यांनी याच दाखल्याची माहिती काही घरांत जाऊन दिली होती. "एका बाईने विचारलं, गैरहजर म्हणजे शाळेला जात नाही तसा का?" एवढं सांगून ते उठले आणि पाण्याचा पंप बंद करायला गेले. पंप चालू नव्हता.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसने निघाले, तेव्हा फाटकाशी म्हणाले, "किलिनोच्चीत आयांचा मांडव आहे. बघ. पण कच्चेरीच्या माणसाकडे उतरले होते, असं सांगू नकोस."

किलिनोच्चीत उतरल्यावर आधी दिसली ती आडवी पडलेली पाण्याची अवाढव्य टाकी. माघार घेताना वाघांनी पाडलेली, सरकारने तशीच ठेवलेली. दक्षिणेकडून आलेली एक अख्खी बस तिच्यापुढे उभं राहून फोटो काढत होती. थोड्या अंतरावर काँक्रीटचा चौकोनी ठोकळा, त्यात घुसलेला तोफगोळा आणि वर उमललेलं कमळ, हे विजयाचं स्मारक. इतकं बटबटीत की राग यायच्या ऐवजी संकोचच वाटला. टाकीचा फोटो मात्र मीही काढला.

मांडव कंदस्वामी देवळाला लागून, रस्त्याच्या कडेला. २०१७च्या फेब्रुवारीपासून बेपत्ता मुलांच्या आया तिथे धरणं धरून बसल्या होत्या. मी गेले ते २०१८चं साल, दिवसांचा आकडा पाचशेच्या पुढे गेला होता. ओळीने फोटो लावलेले, बहुतेक पासपोर्टच्या फोटोवरून मोठे केलेले, त्यामुळे चेहरे पुसट. बेपत्ता व्यक्तींसाठीचं सरकारी कार्यालय त्याच वर्षी सुरू झालं होतं. एका मुलीने मोडक्या इंग्रजीत सांगितलं की यांना कार्यालय नको, यादी हवी आहे. कुणाला ताब्यात घेतलं त्याची.

मी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि मग नुसती उभी राहिले. तेही बरं दिसेना. एका म्हातारीने चटईवर जागा करून दिली, स्टीलच्या पेल्यातून चहा दिला, गोड मिट्ट. मग विचारलं, जाफन्यात कुठे राहिलीस?

"एका लॉजमध्ये," मी म्हणाले.