तारीख बदलायची, पण घड्याळात नक्की किती वाजलेत?

'रात्री 9 ते पहाटे 3 या वेळेत तारीख बदलू नये.' घड्याळासोबत आलेल्या पुस्तिकेत तारखेबद्दल एवढी एकच ओळ. रात्रीचे नऊ कुणाचे, माझे की घड्याळाचे? ऑटोमॅटिक घड्याळ, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरून घेणारं, पूर्ण चावी भरली तरी साधारण 40 तास चालतं, म्हणजे सुट्टीचे दोन दिवस हातातून काढलं की बंद. काटे सव्वादहावर थांबलेले. आता हे सव्वादहा सकाळचे की रात्रीचे? तबकडीवर आकडे बाराच, ती काय सांगणार!

विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, "दिवसा बदला हो, काही होत नाही." त्याचा तो ठामपणा आठवला की अजून चीड येते. घड्याळाला बाहेरचं ऊन दिसत नाही. भर दुपारी हातात घेतलेल्या बंद घड्याळात रात्रीचे अकरा वाजलेले असले, तर धोका आहेच.

तारखेच्या चकतीला आतून 31 दाते असतात. दिवसातून एकदाच फिरणारं एक चाक मध्यरात्रीच्या काही तास आधीपासून त्यातल्या एका दात्याला भिडायला लागतं आणि बारानंतरही लगेच सुटत नाही. नेमकी तेव्हाच आपण क्राउन, म्हणजे घड्याळाच्या कडेची चावीची खुंटी, फिरवून चकती ढकलली की दाता वाकतो किंवा तुटतो. काही घड्याळांत यावर सोय केलेली असते, पण बाहेरून ते कळत नाही. दोन ओळी वाढवून एवढं छापायला काय हरकत होती?

उपाय मात्र सोपा निघाला. आधी थोडी चावी द्यायची. क्राउन पूर्ण बाहेर ओढून तारीख उलटेपर्यंत काटे पुढे फिरवायचे. उलटली, की घड्याळाची मध्यरात्र सापडली. तिथून काटे सकाळच्या सहावर आणायचे, क्राउन एक खटका आत घ्यायचा आणि तारीख लावायची. आजची नव्हे, कालची! मग क्राउन पुन्हा पूर्ण ओढून काटे पुढे नेत मध्यरात्र ओलांडली की आजची तारीख येते. दुपारनंतर लावत असाल तर बारा आणखी एकदा ओलांडायचे, नाहीतर तारीख भर दुपारी बदलेल. मध्यरात्रीवरून काटे मागे मात्र नेऊ नका.

हो, आणि क्राउन आट्यांचा असेल तर ओढण्याआधी उलटा फिरवून सोडवा. काम झालं की आत दाबून पुन्हा आवळा, नाहीतर पाणी शिरायला वाट मोकळी. काही जुन्या घड्याळांत मधला खटकाच नसतो. तिथे काटे फिरवत एकेक दिवस पुढे सरकायचं. कंटाळवाणं आहे, पण मोडत काही नाही.

घड्याळ रोज हातात असेल तर एवढा खटाटोप लागत नाही. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर संपले की दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊला तारीख पुढे सरकवायची. चालू घड्याळात सकाळच असते.